घडीच्या कागदातली वस्ती : पेरानाकन कातोंग आणि मुलांसाठी एक झीन

मलाय भाषेत ‘अनाक’ म्हणजे मूल. त्याला पुढेमागे प्रत्यय लागून ‘पेरानाकन’ हा शब्द तयार होतो. त्याचे दोन अर्थ प्रचलित आहेत : एक गर्भाशय, आणि दुसरा, परक्या मुलखातून आलेल्या पूर्वजांची या भूमीत जन्मलेली संतती. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर या सामुद्रधुनीकाठच्या शहरांत चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून जो समाज उभा राहिला, तो प्रामुख्याने या नावाने ओळखला जातो. ज्या समाजाच्या नावातच मूल दडलेले आहे, त्याच्या वस्तीविषयी मुलांसाठी एखादी सचित्र पुस्तिका रचायची झाली तर ती कशी असावी? हा प्रश्न वरकरणी चित्रकाराचा आणि मुद्रकाचा वाटतो. प्रस्तुत लेखात तो इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडायचा आहे. कारण रंग कोणता घ्यावा, नक्षी कुठे ठेवावी, कोणता शब्द भाषांतराशिवाय राहू द्यावा, या प्रत्येक निर्णयामागे त्या वस्तीच्या भूतकाळाविषयी काही एक भूमिका घ्यावी लागते.

पुस्तिका म्हणताना येथे ‘झीन’ हा प्रकार अभिप्रेत आहे. मॅगझीन या शब्दाचे शेपूट तोडून हा शब्द बनला. अमेरिकेत १९३०च्या सुमारास विज्ञानकथांच्या वाचकांनी स्वतः छापून एकमेकांना पाठवलेल्या पत्रिकांपासून त्याचा इतिहास सांगितला जातो. पुढे १९७०च्या दशकात पंक संगीताच्या चाहत्यांनी झेरॉक्स यंत्राच्या आधाराने तो फोफावला. एक कागद, काही घड्या, थोड्या प्रती, आणि मध्ये संपादक-प्रकाशकांची उतरंड नाही, हे त्याचे स्वरूप. आपल्याकडच्या हस्तलिखित अंकांशी आणि जत्रेतल्या चोपड्यांशी त्याचे दूरचे नाते लावता येईल. मात्र वस्ती म्हणून आपण जी निवडत आहोत ती सिंगापूरच्या पूर्व भागातली कातोंग-जू चियात ही आहे, आणि झीनचे पूर्वज शोधायचे तर ते त्याच समाजात शोधायला हवेत. ते तिथे आहेत, ही या लेखातली पहिली सांगण्याजोगी गोष्ट.

आधी समाजाची थोडी ओळख. पेरानाकन चिनी पुरुषाला ‘बाबा’, स्त्रीला ‘न्योन्या’ आणि वयस्क स्त्रीला ‘बिबिक’ म्हणतात. यातला ‘बाबा’ हा शब्द भारताकडून आलेला, फारसी-हिंदुस्तानी आदरार्थी शब्द असावा असे मानले जाते. ‘न्योन्या’चे मूळ पोर्तुगीज ‘दोना’मध्ये दाखवले जाते. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी गोव्याहून गलबते नेऊन मलाक्का जिंकले. त्यानंतर १६४१पर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या छत्राखाली चालला. तेव्हा न्योन्या या शब्दाच्या प्रवासात गोव्याची सावली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पेरानाकन म्हणजे केवळ चिनी वंशाचे, हेही पूर्ण खरे नाही. मलाक्कातले तमिळ मुळाचे हिंदू ‘चेट्टी’ आणि भारतीय मुसलमान व मलाय यांच्या मिश्रणातून आलेले ‘जावी पेरानाकन’ हेही त्याच कुळातले; १८७६ साली सिंगापुरात सुरू झालेले मलाय भाषेतले आद्य वृत्तपत्र ‘जावी पेरानाकन’ याच नावाचे होते. ब्रिटिशांनी १८१९मध्ये सिंगापूरला ठाणे वसवले, तेव्हा मलाक्काचे बाबा व्यापारी तिकडे सरकले. इंग्रजी जाणणारे, मलाय बोलणारे, पूर्वजपूजा मात्र चिनी रीतीने करणारे हे लोक वसाहतीच्या व्यापारात दुभाषे, दलाल, कंत्राटदार आणि जमीनदार झाले.

कातोंगचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. एकोणिसाव्या शतकात हा नारळीच्या बागांचा आणि समुद्राकाठच्या हवेशीर बंगल्यांचा प्रदेश होता. ‘कातोंग’ हे एका जातीच्या समुद्री कासवाचे नाव होते अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. दुसरी व्युत्पत्ती किनाऱ्यावर थरथरणाऱ्या मृगजळाशी जोडली जाते. चू जू चियात (१८५७–१९२६) हा चीनमधून १८७७ साली आलेला माणूस येथील बागा आणि जमिनी विकत घेत घेत एवढा मोठा झाला, की त्याला कातोंगचा राजा म्हणत. त्याच्या जमिनीतून गेलेल्या रस्त्याला त्याचे नाव मिळाले, आणि रस्त्यावरून वस्तीला. म्हणजे जी वस्ती आज पेरानाकन वारशाची म्हणून ओळखली जाते, तिचा नामदाता स्वतः चीनमध्ये जन्मलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर शहराचा मध्यभाग दाटू लागला, तसे सुखवस्तू पेरानाकन आणि युरेशियन कुटुंबे इकडे येऊ लागली. कून सेंग रस्त्यावरच्या, समोरासमोर उभ्या असलेल्या फिकट गुलाबी, निळ्या, हिरव्या घरांच्या ज्या रांगा आज पर्यटकांच्या छायाचित्रांत सतत दिसतात, त्या या काळातल्या. सिंगापूरच्या राष्ट्रीय वारसा मंडळाने २०११ साली जू चियातला पहिले ‘वारसा नगर’ म्हणून घोषित केले.

इथेच अडचण सुरू होते. वारसा म्हणून घोषित झालेल्या वस्तीचे एक ठरीव चित्र तयार होते. या बाबतीत ते चित्र फुलाफुलांच्या टाइल्सचे, मणीकामाच्या चपलांचे, भरतकाम केलेल्या ‘कबाया’ चोळीचे आणि रंगीत मिठायांचे आहे. २००८ साली मलाक्का आणि जॉर्ज टाउन ही शहरे जागतिक वारसा यादीत गेली. त्याच वर्षी सिंगापुरात पेरानाकन संग्रहालय आणि नील रस्त्यावरचे बाबा हाउस सुरू झाले, आणि त्याच वर्षअखेरीस ‘द लिटल न्योन्या’ या दूरचित्रवाणी मालिकेने हा समाज घरोघर नेला. २०२४ साली पाच देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून कबाया युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. या सगळ्यातून जतन झाले यात शंका नाही. परंतु मुलांसाठी पुस्तिका करणाऱ्याच्या हाती हे ठरीव चित्र इतके तयार मिळते, की तो पानाच्या चारी कडांना टाइल्सची नक्षी लावून, मध्ये एक हसरी न्योन्या बसवून मोकळा होऊ शकतो. अशा पुस्तिकेत वस्ती उरत नाही, तिचे वेष्टनाचे कागद तेवढे उरतात. यातून सुटायचे तर या वस्तू मुळात काय काम करीत होत्या, हे पाहावे लागेल.

चिनी मातीच्या भांड्यांचे उदाहरण घेऊ. न्योन्या भांडी म्हणून जी प्रसिद्ध आहेत, ती चीनमधल्या जिंगडेझेन येथे या समाजाच्या मागणीवरून घडवलेली. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगांत फिनिक्स पक्षी आणि पिओनीची फुले. ही भांडी लग्नाची, वाढदिवसाची, सणाची. निळी-पांढरी भांडी निघत ती पूर्वजांच्या पूजेला आणि सुतकात. वस्त्रांचेही तसेच : सुतकाच्या काळात लाल-गुलाबी बाजूला ठेवून काळा, पांढरा, निळा आणि हिरवा यांकडे वळावे लागे. म्हणजे या घरात रंग ही शोभा नव्हती, ती लिपी होती. उंबऱ्याबाहेरच्या माणसालाही घरातल्या बाईच्या कबायावरून कळे की आत काय घडले आहे. मुलांच्या पुस्तिकेत निळा रंग केवळ सुंदर दिसतो म्हणून कुठेही वापरला, तर या लिपीतले अक्षर आपण पुसून टाकले असे होईल. उलट ही लिपी मुलाला शिकवता आली, तर त्याला पुढे शब्दांची फारशी गरज पडणार नाही.

टाइल्सची गोष्ट याहून लांबची. या घरांच्या दर्शनी भिंतींवर बसवलेल्या उठावाच्या झगझगीत टाइल्स आरंभी इंग्लंड-बेल्जियममधून येत. पहिल्या महायुद्धाने युरोपचा पुरवठा विस्कळीत झाल्यावर जपानी कारखान्यांनी तो बाजार हाती घेतला. याच जपानी कारखान्यांनी भारतासाठी हिंदू देवतांची चित्रे असलेल्या टाइल्स काढल्या, आणि त्यांतल्या काही रविवर्म्याच्या छापचित्रांवरून केलेल्या होत्या. तो छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला होता. मळवलीच्या दगडी छापातली लक्ष्मी जपानमध्ये जाऊन टाइल होते आणि त्याच बाजाराच्या दुसऱ्या फांदीवर कातोंगच्या ओसरीवरचा गुलाब उमलतो. ‘अस्सल स्थानिक’ म्हणून ज्या नक्षीपुढे आपण थांबतो, ती मुळात चार बंदरांची असते. आणि एका साच्यातून शेकडो प्रती काढून ती तयार झालेली असते. टाइल ही स्वतःच एक छापील वस्तू आहे. झीन करणाऱ्याला हा धडा उपयोगी पडावा.

मणीकामाचे तेच. ‘कासुत मानेक’ म्हणजे मण्यांच्या चपला. त्यांचे बारीक काचमणी युरोपातून येत, नक्षीचे नमुने अनेकदा युरोपीय भरतकामाच्या चौकटीदार तक्त्यांवरून घेतले जात, आणि मुलगी ते एकेका चौकटीत एकेक मणी असे ओवीत जाई. सिंगापूरच्या पेरानाकन संग्रहात पेनांगचे एक मेजपोस आहे, त्यात दहा लाखांहून अधिक मणी आहेत. हा आकडा वाचून आपण कौतुकाने मान डोलावतो. परंतु एवढे मणी ओवायला लागणारा वेळ कुठून आला, हे विचारले की कौतुकाला दुसरी बाजू दिसू लागते. वयात आलेल्या मुलीने लग्न होईपर्यंत घराबाहेर पडायचे नाही, अशी जुन्या घराण्यांतली रीत होती. होणाऱ्या सासूपुढे तिचे मणीकाम आणि स्वयंपाक हीच तिची परीक्षा. नील रस्त्यावरच्या बाबा हाउसमध्ये वरच्या मजल्याच्या जमिनीत एक छोटे भोक आहे. त्यातून वरच्या खोलीतल्या माणसाला खाली दिवाणखान्यात कोण आले ते दिसे. स्टेला कॉन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘एमिली ऑफ एमरल्ड हिल’ या एकपात्री नाटकात हेच घर आतून दिसते : पोरकी मुलगी, कोवळ्या वयात श्रीमंत घरात दिलेली, आणि त्याच घराची सत्ता हाती आल्यावर इतरांवर चालवणारी. मणीकाम त्या सत्तेचे आणि त्या कोंडीचे, दोहोंचे चिन्ह आहे. मुलांच्या पुस्तिकेत ते येणार असेल, तर दोन्ही बाजूंनी यावे.

आता झीनच्या त्या पूर्वजाकडे वळू. पेनांगमध्ये १८५१ साली जन्मलेला आणि सिंगापुरात एका वकिली पेढीत नोकरी करणारा चान किम बून हा गृहस्थ ‘बातू गान्तोंग’ या टोपणनावाने लिही. त्याला चिनी उत्तम येत होते. त्याच्या समाजातल्या बहुसंख्यांना ते वाचता येत नव्हते. त्यांची घरातली भाषा मलाय, शिकलेली लिपी रोमन. त्याने ‘तीन राज्यांची कथा’ ही चिनी महाकादंबरी ‘साम कोक’ या नावाने बाबा मलायमध्ये आणली, आणि ती एका जाड ग्रंथात न काढता १८९२ ते १८९६ या काळात तीस छोट्या भागांत, रोमन लिपीत, चित्रांसह काढली. पुढे ‘जलतीराची कथा’ (१८९९–१९०२) आणि वानरराजाची प्रसिद्ध ‘पश्चिमयात्रा’ (१९११–१९१३) याच रीतीने आली. याच काळात, १८९४ साली, सोंग ओंग सियांग याने रोमन लिपीतले ‘बिन्तांग तिमोर’ हे मलाय वृत्तपत्र काढले. १९३०च्या दशकात वान बून सेंग याने अशा कथापुस्तिकांची दुसरी लाट आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही परंपरा आटली.

या पुस्तिकांत साहित्याच्या अभ्यासकाला विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. पूर्वजांचे आख्यान पूर्वजांच्या भाषेत वाचता येत नाही, म्हणून ते आईच्या भाषेत आणायचे, आणि तेही वसाहतीच्या शाळेने दिलेल्या लिपीत. तीन वारशांचा हा तिढा एका स्वस्त, लहान, सचित्र, हप्त्याहप्त्याने येणाऱ्या पुस्तिकेने सोडवला. वस्तीने स्वतःविषयी, स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या खर्चाने काही छापावे, हा झीनचा मूळ बाणा तिथे आधीच होता. म्हणून आजची पुस्तिका इंग्रजीतून काढून तिच्यात चार मलाय शब्द सजावटीला पेरण्याऐवजी ‘साम कोक’च्या रीतीचा विचार व्हावा.

कारण भाषेचा प्रश्न येथे सर्वांत नाजूक आहे. बाबा मलाय म्हणजे बिघडलेली मलाय अशी समजूत पूर्वी होती. वस्तुतः तिचे स्वतःचे व्याकरण आहे. ‘माझे घर’ हे मलायमध्ये ‘रुमाह साया’, म्हणजे घर आधी आणि माझे नंतर. बाबा मलायमध्ये ते ‘गुआ पुन्या रुमाह’ : ‘गुआ’ हा हॉक्किएन चिनीतला ‘मी’, पुढे मलाय शब्द, आणि क्रम चिनी वाक्याचा. आईची शब्दसंपत्ती आणि बापाची वाक्यरचना, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मिशनरी विल्यम शेलाबेअरने १९१३ साली या बोलीवर लेख लिहिला आणि तिच्यातला नवा करारही त्याच वर्षी छापून निघाला. स्वतंत्र सिंगापूरच्या शाळांत मात्र दुसरी भाषा वंशावरून ठरली. पेरानाकन मूल चिनी गणले गेल्यामुळे त्याच्या वाट्याला मातृभाषा म्हणून मँडरिन आली. घरात जी आईची भाषा होती तिला शाळेत जागा उरली नाही. १९७९पासूनच्या ‘मँडरिन बोला’ मोहिमेने हॉक्किएनसारख्या बोलीही मागे सारल्या. आज बाबा मलाय बोलणारे थोडे आणि बहुतांशी वृद्ध आहेत. कातोंगच्या घरांचे रंग पुन्हा उजळता आले. ‘गुआ पुन्या रुमाह’ हे वाक्य सहज बोलणारे सात वर्षांचे मूल मात्र कोणत्याही वारसा-योजनेला निर्माण करता येत नाही. पुस्तिकेसमोरचे खरे काम हे आहे. भाषा जिवंत करणे तिच्या आवाक्यात नाही. तिच्यातले एक वाक्य मुलाच्या तोंडी बसवणे आहे.

आणि मग त्या गोष्टी, ज्या मुलांना सांगाव्या की नाही असा संकोच होतो. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर चिनी वंशाच्या पुरुषांची चौकशी करून हजारोंना ठार मारण्यात आले. कातोंगच्या पूर्वेला लागून असलेल्या सिगलापमध्ये १९६२ साली सामूहिक दफनाच्या जागा सापडल्या. ज्या देशाच्या कारखान्यातून भिंतीवरचे गुलाब आले, त्याच देशाचे सैन्य दारात आले, हा योगायोग कोणत्याही पर्यटन-पत्रकात नसतो. शिवाय वस्ती कधीच एकट्या पेरानाकनांची नव्हती. जू चियात रस्त्यावर खालिद मशीद आहे. सिलोन रस्त्यावर श्री सेनपागा विनायगर मंदिर आहे, एकोणिसाव्या शतकात तळ्याकाठी गणेशमूर्ती सापडली आणि चाफ्याच्या झाडाखाली तिची स्थापना झाली, अशी त्याची कथा, ‘सेनपागा’ म्हणजे तोच आपला चाफा. युरेशियनांची चर्चे आहेत, आणि शेजारी मलायांचे गेलांग सेराई. एका समाजाचे नाव वस्तीवर कोरले, की शेजारी आपोआप पाहुणे ठरतात. मुलांच्या पुस्तिकेने तरी ही चूक करू नये.

एवढे लक्षात घेऊन पुस्तिकेचा आराखडा मांडून पाहू. ए-३ आकाराचा एकच कागद घ्यावा. तो तीनदा दुमडून मधल्या घडीवर एक चीर दिली की आठ पानांची, पोस्टकार्डाएवढी पुस्तिका होते. टाचणी नको, डिंक नको. छपाई कागदाच्या एका बाजूवर होते आणि दुसरी बाजू पोटात दडून राहते. छपाईसाठी रिसोग्राफ हे जपानी यंत्र सोयीचे. १९८०च्या दशकात ते कचेऱ्या आणि शाळांसाठी आले आणि पुढे चित्रकारांनी आपलेसे केले. त्यात एका वेळी एक रंग छापला जातो, म्हणून दोन रंग पुरेत : गुलाबी आणि निळा. जिथे ते एकमेकांवर पडतील तिथे जांभळा आपोआप मिळेल. दोन छापांत केसभर फरक पडतो, रेघ रंगाबाहेर जाते; ते लपवण्याचे कारण नाही, जुन्या छापील टाइलचीही कड अशीच हललेली असते.

मुखपृष्ठावर ‘पिन्तू पागार’, म्हणजे घराचे नक्षीदार अर्धे दार : खालून पाय दिसतात, वरून केस, चेहरा दिसत नाही. दुसऱ्या पानावर दारापुढची पाच फुटी ओसरी. दुकानघरांपुढे अशी छत असलेली वाट ठेवण्याचा दंडक सिंगापुरात १८२२च्या रॅफल्सच्या नगररचनेपासूनचा. तिसऱ्या पानावर वरच्या खोलीत मणी ओवणारी मुलगी, आणि जमिनीत खरेखुरे एक भोक, कागदाला पाडलेले. त्यातून मुलाला पाचव्या पानावरचा दिवाणखाना दिसेल, पण सगळा नाही. एखादा चहाचा पेला, पाहुण्याच्या बुटाचे टोक. पान उलटले की चौथ्या पानावर तेच भोक एका टाइलमधल्या फुलाचा गाभा होते, आणि शेजारी दिवाणखाना पुरता उघडतो. मुलीची कोंडी शब्दांनी सांगावी लागत नाही. अर्धेच दिसण्याचा अनुभव मूल स्वतः घेते.

सहावे पान स्वयंपाकघराचे. इथे मापे देऊ नयेत. न्योन्यांचा स्वयंपाक ‘आगाक-आगाक’ म्हणजे अदमासाने चाले. तो कागदावर आणण्याचे काम पुढे काहींनी केले, त्यात ली क्वान यू यांच्या आई चुआ जिम निओ यांचे १९७४मधले पाकपुस्तक प्रसिद्ध आहे. पानावर कासवाच्या पाठीसारखा लाल ‘आंग कू क्वे’ असावा. मूल महिन्याचे झाले की तो वाटला जातो. बाजूला गोकर्णीच्या फुलांच्या पाण्याने निळा केलेला भात. हीच गोकर्णी आपल्या कुंपणावर असते, पण तिचा रंग आपण ताटात उतरवला नाही. हे पान निळ्या-गुलाबीच्या मिश्रणाने सर्वांत जास्त भरलेले हवे, कारण पुढचे पान एकट्या निळ्याचे आहे.

सातव्या पानावर सणावारी मांडले जाणारे तेच ‘तोक पांजांग’, लांबच लांब मेज. वरची भांडी मात्र निळी-पांढरी, आणि एक खुर्ची रिकामी. गुलाबी रंग या पानाला स्पर्श करीत नाही. खाली फक्त ‘१९४२’ एवढा आकडा. लहान मूल कदाचित पुढे जाईल. थोडे मोठे मूल विचारील, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी मग शेजारी बसलेल्या मोठ्या माणसावर येते. आठव्या, म्हणजे मलपृष्ठावर शेजाऱ्यांच्या खुणा : चाफा, मिनार, क्रूस, आणि मोकळी ओळ, ‘गुआ पुन्या रुमाह’ या शब्दांनी सुरू होणारी. पुढे मुलाने आपल्या घराविषयी काय लिहायचे ते लिहावे. सगळ्या पुस्तिकेत पूर्ण वाक्य एवढे एकच असले तरी चालेल.

उरली पोटातली कोरी बाजू. कातोंगचा समुद्र आता कातोंगला नाही. १९६६पासून पूर्व किनाऱ्यावर भराव टाकण्याचे काम सुरू झाले, त्यावर मरीन परेड ही वसाहत १९७०च्या दशकात उभी राहिली, आणि जून २०२४मध्ये तिथे भुयारी रेल्वेचे स्थानकही आले. पूर्वी लाटा ज्या बंगल्यांच्या पायऱ्यांपर्यंत येत, त्यांच्या पुढे आता इमारती, रस्ते आणि उद्यान आहे. ईस्ट कोस्ट रोड या नावात किनारा राहिला, रस्त्यापाशी राहिला नाही. म्हणून घडी पूर्ण उलगडली की मागे सबंध कागदभर नकाशा असावा : जुनी किनाररेषा गुलाबी, नवी निळी, आणि दोहोंमधला पट्टा जांभळा, म्हणजे जिथे समुद्र होता आणि जमीन आहे. तिसऱ्या पानाला पाडलेले भोक दुहेरी कागदातून जात असल्यामुळे नकाशात ते दोन ठिकाणी उमटेल. ती भोके नेमकी कुठे पडावीत हे चित्र काढण्याआधी ठरवावे लागेल. दोन्ही त्या जांभळ्या पट्ट्यात पडावीत.

अशा पुस्तिकेने समाजाचा इतिहास पुरा सांगितला जाईल असा दावा नाही. अनेक गोष्टी तिच्यात नाहीत : अफूच्या मक्त्यांतून आणि मळ्यांतून आलेला पैसा, युद्धानंतर ओसरलेली श्रीमंती, दत्तक म्हणून आणून राबवलेल्या मुली. आठ पानांत ते मावणार नाही, आणि कोंबल्यास त्याचे पाठ्यपुस्तक होईल. परंतु ‘साम कोक’ही एका भागात संपले नव्हते. हप्त्याने सांगण्याची रीत या समाजाने सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. दुसरा अंक काढता येतो, तिसरा काढता येतो, आणि एखाद्या वाचकाने मोकळ्या ओळीत काही लिहून पाठवले तर चौथा त्याचा असू शकतो. साहित्याच्या वर्गात बालवाङ्मयाकडे आपण बहुधा कथेच्या बाजूने पाहतो. कागदाची घडी, रंगांची संख्या आणि एका वाक्यातला शब्दक्रम हीही कथनाची अंगे आहेत, आणि त्यांचा निर्णय इतिहास जाणल्याशिवाय करता येत नाही, एवढे जरी या उदाहरणावरून ध्यानात आले तरी पुरे.